परदेशी सरकारचा इंटरनेट-स्वातंत्र्य निधी: अर्ज कोणत्या क्रमाने करावा

वर्षातून चार-पाच वेळा तरी कोणीतरी तयार प्रपोजल घेऊन येतं. विषय चांगला असतो: ग्रामीण महिला कार्यकर्त्यांसाठी डिजिटल सुरक्षेचं प्रशिक्षण, इंटरनेट बंदीच्या काळात मजुरांचं किती नुकसान होतं याचा अभ्यास, एखादं ओपन सोर्स साधन मराठीत आणणं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची किंवा युरोपियन युनियनची जाहिरात कुठेतरी वाचलेली असते आणि शेवटच्या तारखेला अकरा दिवस उरलेले असतात. मी विचारतो, "एफसीआरए (परदेशी पैसा घ्यायची सरकारी परवानगी) आहे का?" उत्तर ठरलेलं: "ते मंजूर झाल्यावर बघू की."

सगळा घोळ इथेच होतो. लोक प्रपोजलपासून सुरुवात करतात आणि पैसा घ्यायच्या परवानगीचा विचार शेवटी करतात. क्रम नेमका उलटा हवा. हा लेख महाराष्ट्रातल्या, भारतात नोंदलेल्या लहान संस्थांसाठी आहे. सीए आणि वकील लागतीलच. त्यांच्याकडे जाताना हातात काय असावं आणि डोक्यात काय स्पष्ट असावं, एवढंच इथे सांगतो.

टप्पा १: हा पैसा कायद्याच्या भाषेत काय आहे, ते ओळखा

विदेशी योगदान नियमन कायदा, २०१० (सगळे ज्याला एफसीआरए म्हणतात तो) परदेशी सरकार आणि त्याच्या कोणत्याही यंत्रणेला 'विदेशी स्रोत' मानतो. संयुक्त राष्ट्रसंघ, त्याच्या विशेष संस्था, जागतिक बँक, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि सरकारने अधिसूचित केलेल्या काही संस्था यातून वगळल्या आहेत. म्हणून "अमुक संस्थेला यूएनचा पैसा एफसीआरएशिवाय मिळाला" हे खरं असू शकतं. पण त्यावरून डच सरकारचा पैसाही तसाच मिळेल, असा अर्थ काढू नका.

इंटरनेट स्वातंत्र्याचा पैसा अनेकदा थेट सरकारकडून न येता मधल्या संस्थेमार्फत येतो. 'डिजिटल डिफेंडर्स पार्टनरशिप' हे त्याचं उदाहरण: निधी अनेक सरकारांचा, कारभार नेदरलँड्समधल्या हिवोस या संस्थेकडे. अमेरिकेत 'ओपन टेक्नॉलॉजी फंड' ही स्वतंत्र ना-नफा संस्था आहे, पण तिचा पैसा अमेरिकी संसदेने मंजूर केलेला असतो. देणारी संस्था सरकारी नाही म्हणून आपण सुटलो, असं होत नाही. परदेशी संस्था, कंपनी, न्यास आणि परदेशी नागरिक हे सगळेच विदेशी स्रोत आहेत.

तीन गोष्टी लोक हमखास विसरतात. पहिली, वस्तूही योगदानातच मोजतात. दात्याने प्रशिक्षणासाठी पाठवलेले दहा लॅपटॉप हेही विदेशी योगदान आहे. दुसरी, त्या पैशावरचं बँकेचं व्याजही विदेशी योगदानच. तिसरी घरातली आहे: न्यू जर्सीतला तुमचा मामेभाऊ भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत संस्थेला देणगी देत असेल, तर ते विदेशी योगदान नाही. त्याने अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल तर आहे, मग त्याच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) कार्ड असलं तरी.

तपासा: "देणगी नको, सेवा-करार करू आणि बिल लावू" असं कोणी सुचवतंय का? नेहमीच्या व्यवसायात दिलेल्या सेवेचं शुल्क विदेशी योगदानात येत नाही, हे खरं. पण त्यासाठी ती सेवा खरोखर सेवा असावी लागते. काम तुमच्या संस्थेचं, उद्दिष्ट तुमचं आणि कागदावर फक्त 'सल्लागार' असा शिक्का, हे तपासात टिकत नाही. कलम ३५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

टप्पा २: तुम्ही मुळात घेऊ शकता का?

इंटरनेट स्वातंत्र्यावर काम करणाऱ्यांसाठी हा टप्पा सगळ्यात धोक्याचा आहे. कारण बहुतेकांचा एक पाय पत्रकारितेत असतो.

कलम ३ नुसार नोंदणीकृत वृत्तपत्राचा वार्ताहर, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, संपादक, मालक, मुद्रक किंवा प्रकाशक विदेशी योगदान घेऊ शकत नाही. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून श्राव्य किंवा दृक्श्राव्य बातम्या अथवा चालू घडामोडींचे कार्यक्रम बनवणारी संस्था किंवा कंपनीही घेऊ शकत नाही. म्हणजे संस्थेच्या नावाने दर शनिवारी यूट्यूबवर 'या आठवड्यात काय घडलं' असा कार्यक्रम चालत असेल, तर प्रपोजल लिहिण्याआधी तो प्रश्न सोडवायला हवा. मासिक किंवा वार्तापत्र छापत असाल तर २०२५ पासून त्यात बातम्यांचा मजकूर नसल्याचं वृत्तपत्र निबंधकांचं प्रमाणपत्र मागितलं जातं.

पुढचा पेच यापेक्षा बारीक आहे. कलम ३ मध्ये बसणाऱ्या व्यक्तीला तुम्ही विदेशी स्रोताकडून मिळालेला पैसा पुढेही देऊ शकत नाही, मग तो भारतीय चलनात असला तरी. पत्रकारांच्या डिजिटल सुरक्षेचा प्रकल्प असेल आणि तज्ज्ञ म्हणून एखाद्या दैनिकाच्या वार्ताहराला मानधन द्यायचं असेल, तर वकिलाचं लेखी मत घेऊन ठेवा. प्रशिक्षण, राहणं-जेवण आणि रोख मानधन या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बजेटमध्ये त्या एकाच ओळीत कोंबू नका.

कलम ५ 'राजकीय स्वरूपाच्या' संस्थेबद्दल आहे. ६ मार्च २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बंद, हरताळ, रास्ता रोको यांच्याशी जोडलेल्या नियमाचा अर्थ मर्यादित केला. सक्रिय राजकारणाशी किंवा पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या संस्थेला केवळ तेवढ्यावरून राजकीय ठरवता येत नाही. तरीही संस्थेच्या घटनेतली उद्दिष्टं एकदा शांतपणे वाचा. वीस वर्षांपूर्वी उत्साहात लिहिलेली वाक्यं आज त्रास देतात.

टप्पा ३: घरातले कागद एका ओळीत आणा

हे काम कंटाळवाणं आहे. अर्ज सगळ्यात जास्त अडकतात तेही इथेच.

एका टेबलावर हे कागद मांडा: धर्मादाय आयुक्त कार्यालयाचं नोंदणी प्रमाणपत्र, ट्रस्ट डीड किंवा घटना, शेड्यूल वनचा (विश्वस्तांची नावं असलेल्या धर्मादाय नोंदवहीचा) अद्ययावत उतारा, पॅन, आयकराच्या १२ए आणि ८०जी नोंदण्या, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद आणि सर्व विश्वस्तांची आधार कार्डं. आता हातात लाल पेन घ्या आणि फक्त संस्थेचं नाव आणि पत्ता वाचत जा.

एका कागदावर 'प्रतिष्ठान', दुसऱ्यावर 'फाउंडेशन'. पॅनवर इंग्रजीत 'ट्रस्ट' शब्द जास्तीचा. पत्ता एकीकडे जुन्या वाड्याचा, दुसरीकडे नव्या फ्लॅटचा. मराठी प्रमाणपत्रातलं नाव इंग्रजीत लिहिताना 'शि' आणि 'षि' यांचं स्पेलिंग प्रत्येकाने आपापल्या मनाने केलेलं. आपल्याकडे हे खपून जातं. दिल्लीच्या पोर्टलवर आणि वॉशिंग्टनच्या पोर्टलवर खपत नाही.

महाराष्ट्रातलं खास दुखणं म्हणजे चेंज रिपोर्ट. विश्वस्त बदलले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली ९० दिवसांत कळवायचं असतं. अनेक संस्था कळवत नाहीत. ज्या कळवतात त्यांचे अर्जही प्रलंबित राहतात. परिणाम असा की शेड्यूल वनवर जे अध्यक्ष दिसतात ते सहा वर्षांपूर्वी वारलेले असतात आणि अर्जावर सही करणाऱ्या बाई त्या उताऱ्यावर कुठेच नसतात. मी पाहिलेल्या एका संस्थेचा पूर्ण हंगाम यातच गेला. प्रपोजल उत्तम होतं.

सावधान: चेंज रिपोर्ट प्रलंबित असेल तर दाखल केल्याची पोच, ठरावाची प्रत आणि जुन्या-नव्या विश्वस्तांची यादी एकत्र ठेवा. "वकिलाकडे आहे" हे उत्तर चालत नाही. स्वतः कार्यालयात जाऊन प्रकरणाचा क्रमांक घ्या.

तपासा: संस्थेच्या उद्दिष्टांत मानवी हक्क, माहिती तंत्रज्ञान, डिजिटल शिक्षण असं काही आहे का? 'शैक्षणिक व सामाजिक कार्य' या छत्राखाली प्रशिक्षण बसतं. कायदेशीर मदत किंवा तांत्रिक संशोधन बसेलच असं नाही.

टप्पा ४: एफसीआरए, नोंदणी की पूर्वपरवानगी

दोन वाटा आहेत.

नोंदणीसाठी एफसी-३ए हा अर्ज करायचा. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षं अस्तित्वात हवी आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. नोंदणी पाच वर्षांची असते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान चार महिने आधी करावा, असं गृह मंत्रालयाने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं आहे.

पूर्वपरवानगीसाठी एफसी-३बी. ती ठरावीक दात्याकडून, ठरावीक रकमेसाठी, ठरावीक कामासाठीच मिळते. नव्या संस्थेला हीच वाट. एप्रिल २०२५ च्या सूचनेनुसार परवानगी मिळाल्यापासून तीन वर्षांत पैसा घ्यायचा आणि चार वर्षांत खर्च करायचा. रक्कम एक कोटीच्या वर असेल तर हप्त्यांनी येते, आणि आधीच्या हप्त्याचे ७५ टक्के खर्च झाल्याचा पुरावा दिल्याशिवाय पुढचा मिळत नाही.

आता क्रम:

१. कार्यकारिणीचा ठराव करा. विदेशी योगदान घेण्याचा निर्णय, खात्यावर सह्या कोणाच्या आणि अर्जावर सही कोणाची हे त्यात नावानिशी लिहा.

२. भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत (११, संसद मार्ग) एफसीआरए खातं उघडा. दिल्लीला जायची गरज नाही, जवळच्या स्टेट बँक शाखेतून कागद पुढे जातात. तिथल्या काउंटरवरच्या माणसाला हे माहीत असेलच असं नाही. न रागावता शाखाधिकाऱ्याला भेटा. २०२० च्या दुरुस्तीनंतर अर्जातच या खात्याचा तपशील द्यावा लागतो. म्हणून खातं आधी, अर्ज नंतर.

३. पूर्वपरवानगी हवी असेल तर दात्याकडून कमिटमेंट लेटर घ्या. त्यात रक्कम, उद्देश आणि कालावधी स्पष्ट असावा.

४. मग ऑनलाइन अर्ज.

तिसऱ्या पायरीवर कोंबडी आधी की अंडं, हा खेळ सुरू होतो. दाता म्हणतो, पैसा घ्यायची परवानगी दाखवा. सरकार म्हणतं, दात्याचं पत्र दाखवा. तोडगा साधा आहे: दात्याकडे सशर्त पत्र मागा. "भारत सरकारची पूर्वपरवानगी मिळाल्यास आम्ही इतकी रक्कम इतक्या काळासाठी देऊ" एवढं पुरतं. परदेशी सरकारांच्या अनुदान अधिकाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. मात्र तुम्हीच तो मागायला हवा, आणि मंजुरीची बातमी येण्याआधी. कायद्यात साधारण ९० दिवसांत निर्णयाची अपेक्षा आहे. तुमच्या वेळापत्रकात त्याहून बराच जास्त वेळ धरा आणि प्रकल्पाची सुरुवात तारखेला न बांधता परवानगीला बांधा.

सावधान: परवानगीआधी एक रुपयाही नको. "तोपर्यंत प्रवासखर्चापुरते पाठवतो" असं म्हणणाऱ्या प्रेमळ दात्याला नम्रपणे नाही म्हणा.

टप्पा ५: दाता निवडा आणि जाहिरात पूर्ण वाचा

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातला लोकशाही, मानवी हक्क आणि श्रम विभाग अनेक वर्षं इंटरनेट स्वातंत्र्याचे प्रकल्प चार खान्यांत मागत आला आहे: सेन्सॉरशिप ओलांडणारं तंत्रज्ञान, डिजिटल सुरक्षा, धोरणविषयक पाठपुरावा आणि उपयोजित संशोधन. युरोपियन युनियनकडे 'ग्लोबल युरोप' या २०२१-२७ च्या साधनात मानवी हक्क आणि लोकशाहीचा स्वतंत्र कार्यक्रम आहे. फ्रीडम ऑनलाइन कोअ‍ॅलिशन ही २०११ साली हेगमध्ये सुरू झालेली सरकारांची आघाडी. तिच्यातल्या अनेक देशांचे स्वतःचे छोटे निधी असतात आणि काही वेळा ते दूतावासामार्फत दिले जातात. भारत या आघाडीत नाही. म्हणून "आपल्या सरकारचा पाठिंबा असलेला उपक्रम" असं प्रपोजलमध्ये किंवा गावातल्या बैठकीत बोलू नका.

लहान संस्थेने दूतावासाच्या छोट्या निधीपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. वॉशिंग्टनच्या मोठ्या जाहिरातीत अनुभवी आंतरराष्ट्रीय संस्थांशी स्पर्धा असते.

जाहिरात वाचताना आधी शेवटची तारीख पाहू नका. आधी ती अजून उघडी आहे का ते पाहा. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने परदेशी मदतीवर ९० दिवसांची स्थगिती आणली, पुढे यूएसएड (परदेशी मदत देणारी अमेरिकी सरकारी संस्था) गुंडाळलं गेलं आणि परराष्ट्र खात्याचीही फेररचना झाली. दोन वर्षांपूर्वीची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरते आहे. अधिकृत पोर्टलवर जाहिरातीचा क्रमांक टाकून खात्री करा.

मग पात्रतेचा परिच्छेद वाचा. भारतातल्या संस्था चालतात का? 'फक्त निमंत्रितांसाठी' आहे का? किमान रक्कम किती? वर्षाला आठ लाख खर्चणाऱ्या संस्थेने पाच लाख डॉलरचा अर्ज केला, तर परीक्षक पहिला प्रश्न क्षमतेचाच विचारणार.

टप्पा ६: परदेशी पोर्टलच्या नोंदण्या

अमेरिकी निधीसाठी तीन नोंदण्या, याच क्रमाने:

१. नाटोच्या संहिताकरण व्यवस्थेतला एनकेज कोड.
२. सॅम डॉट गव्ह या अमेरिकी सरकारच्या पोर्टलवर नोंदणी. तिथेच यूईआय हा ओळख क्रमांक मिळतो. ४ एप्रिल २०२२ पासून जुना डन्स क्रमांक बाद झाला आहे, कोणी त्यासाठी पैसे मागत असेल तर देऊ नका.
३. जाहिरातीत सांगितलेल्या अर्जाच्या पोर्टलवरचं खातं.

हे सगळं मोफत आहे. सॅमवर नोंदणी केली की "तुमची नोंदणी संपत आली आहे, इतके डॉलर भरा" असे ईमेल येऊ लागतात. ते सरकारचे नसतात.

पहिल्या दोन नोंदण्यांत नाव आणि पत्ता अक्षरशः सारखा हवा. एकात 'रोड' आणि दुसऱ्यात 'मार्ग' लिहिलंत की पडताळणी अडकते. म्हणून टप्पा ३ चं लाल पेन. मराठी नोंदणी प्रमाणपत्राचा प्रमाणित इंग्रजी अनुवाद आधीच करून ठेवा, आणि त्यातलं स्पेलिंग पॅनप्रमाणेच असू द्या. टपाल पेटीचा पत्ता चालत नाही. सॅमची नोंदणी दरवर्षी नव्याने जिवंत ठेवावी लागते. ती तारीख कार्यालयातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवा, ज्याच्या मोबाइलमध्ये आठवण लावली तो कार्यकर्ता तोवर नोकरी सोडून गेलेला असतो.

युरोपियन युनियनसाठी वेगळी नोंदणी आणि वेगळा क्रमांक लागतो, तिथे जाहिरातीतल्या सूचनांप्रमाणे जा.

टप्पा ७: संक्षिप्त प्रस्ताव

बहुतेक ठिकाणी दोन फेऱ्या असतात. आधी दोन-चार पानांचा संक्षिप्त प्रस्ताव, तो आवडला तर पूर्ण प्रपोजल. पहिल्या फेरीत संस्थेचा इतिहास आणि संस्थापकांचा त्याग लिहून पान संपवणं ही आपली जुनी सवय आहे. परीक्षकाला चार उत्तरं हवी असतात: नेमकी अडचण काय, कोणाची, तुम्ही काय करणार आणि शेवटी काय बदललेलं दिसेल.

"डिजिटल जागृती निर्माण करणे" याला काही अर्थ नाही. "तीन जिल्ह्यांतल्या १२० महिला कार्यकर्त्यांच्या फोनमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी सुरू होईल आणि सहा महिन्यांनी ती चालू आहे का ते आम्ही तपासू" हे वाक्य चालतं.

अडचण लिहिताना भारतातलं कायद्याचं चित्र नेमकं मांडा. इंटरनेट बंदीबद्दल लिहायचं तर १० जानेवारी २०२० चा अनुराधा भसीन खटल्याचा निकाल आणि दूरसंचार कायदा, २०२३ खालचे २०२४ चे सेवा-निलंबन नियम माहीत हवेत. अजून २०१७ च्या जुन्या नियमांचे दाखले देणारे प्रस्ताव मी वाचतो. परीक्षकालाही ते कळतं.

तांत्रिक प्रकल्प असेल तर एक गोष्ट आधी सोडवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची आहे. भारतात सर्व्हर ठेवून "आम्ही कोणतीही नोंद ठेवत नाही" असं वचन देणारा प्रस्ताव स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारतो.

जोखमीचा तक्ता मनापासून भरा. हा पैसा ज्या कामासाठी आहे त्यात लाभार्थ्यालाच इजा होऊ शकते, म्हणून या तक्त्याला इथे वजन असतं. "पाऊस पडल्यास कार्यशाळा पुढे ढकलू" हे खरं आहे, पण पुरेसं नाही. सहभागी बाईचा फोन घरच्यांनी तपासला तर? गावात "परदेशी पैसा" अशी कुजबुज झाली तर? कार्यकर्त्याचा लॅपटॉप जप्त झाला तर त्यातली यादी कोणाच्या हाती जाईल?

तपासा: कागदाचा आकार. अमेरिकी जाहिराती बहुधा साडेआठ बाय अकरा इंचाचा लेटर कागद आणि १२ पॉइंटचा अक्षरसंच मागतात. आपला वर्ड ए-फोरवर बसलेला असतो. शेवटच्या रात्री आकार बदलला की दोन पानांचा मजकूर तिसऱ्या पानावर सांडतो, आणि मर्यादेपुढचं कोणी वाचत नाही.

टप्पा ८: बजेट, दोन कायद्यांच्या चिमटीत

दात्याचे नियम आणि एफसीआरए एकाच वेळी पाळायचे आहेत. जिथे दाता ढिला तिथे एफसीआरए कडक, आणि उलटही.

प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० पासून २० टक्के आहे, पूर्वी ५० होती. कार्यालयाचं भाडं, वीज, फोन, हिशेबनीस, कायदेशीर फी, व्यवस्थापनाचे पगार हे सगळं त्यात येतं. अमेरिकी नियमांत ऑक्टोबर २०२४ पासून अमेरिकी सरकारशी आधी ठरवून घेतलेला दर नसलेली संस्था अप्रत्यक्ष खर्च १५ टक्क्यांपर्यंत लावू शकते. युरोपियन युनियनमध्ये ही मर्यादा साधारण ७ टक्के असते. लोक म्हणतात, १५ म्हणजे २० च्या आतच. पण दात्याच्या तक्त्यात 'थेट खर्च' म्हणून बसलेला समन्वयकाचा पगार आणि हिशेबनीसाचं मानधन एफसीआरएच्या तक्त्यात प्रशासकीय ठरू शकतं. दोन स्तंभ करा आणि प्रत्येक ओळ दोन्हीकडे कुठे पडते ते सीएकडून लिहून घ्या.

त्यातही वर्षाचा हिशेब पाहा. ही २० टक्क्यांची मोजणी त्या आर्थिक वर्षात मिळालेल्या रकमेशी जोडलेली आहे. समजा वर्षाला ३० लाख, तर प्रशासकीय खर्चाला ६ लाख. आता दोन्ही वर्षांचे ६० लाख पहिल्याच मार्चमध्ये आले आणि दुसऱ्या वर्षी काहीच आलं नाही, तर दुसऱ्या वर्षीच्या भाड्या-पगाराचं काय? हप्त्यांच्या तारखा करारात ठरवतानाच हे सीएसमोर मांडा.

दुसरा खड्डा: कलम ७. मिळालेलं विदेशी योगदान दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, त्या संस्थेकडे एफसीआरए असलं तरी. "मराठवाड्यात आमची भागीदार संस्था काम करेल, तिला चार लाख देऊ" ही ओळ बजेटमध्ये आली की प्रकरण संपलं. भागीदाराला दात्याकडून थेट पैसा मिळेल अशी रचना करा, किंवा माणसं तुमच्याच संस्थेने नेमावीत.

युरोपियन निधीत बहुतेक वेळा खर्चाचा काही हिस्सा अर्जदाराने उभा करायचा असतो. तो कुठून येणार हे आकड्यात लिहा. "लोकवर्गणीतून" असं लिहून सुटका होत नाही.

टप्पा ९: करार वाचा, सही नंतर

मंजुरी आली की पेढे वाटून लगेच सही होते. थांबा.

करार मध्येच रद्द करण्याचं कलम शोधा. अमेरिकी अनुदानांत "कार्यक्रमाची उद्दिष्टं किंवा खात्याचे प्राधान्यक्रम" यांच्याशी काम जुळत नाही, या कारणावरून करार संपवण्याची तरतूद असते. २०२५ च्या सुरुवातीला काम थांबवण्याचे आदेश आले तेव्हा अनेक संस्थांनी पुढच्या महिन्याच्या पगाराची तजवीज केलेली नव्हती. म्हणून नेमणूकपत्रं प्रकल्पाच्या कालावधीला बांधलेली ठेवा, जागेचं भाडं अकरा महिन्यांपेक्षा जास्त बांधून घेऊ नका, आणि करार संपवताना झालेला कोणता खर्च दाता भरून देईल ते आधी लेखी विचारा.

दुसरं कलम बोधचिन्हाचं. दाता आपला झेंडा किंवा चिन्ह साहित्यावर लावायला सांगतो. सहभागींच्या सुरक्षेला धोका असेल तर त्यातून सूट मागता येते, पण सही करण्याआधी आणि कारणांसह.

टप्पा १०: पैसा आल्यावर

पैसा आधी दिल्लीच्या खात्यात, तिथून तुमच्या गावातल्या बँकेतल्या दुसऱ्या एफसीआरए खात्यात. स्थानिक देणग्या त्यात कधीही टाकू नका. सभासद वर्गणीचे ५०० रुपये चुकून जमा झाले की पुढची दोन वर्षं त्यांचं स्पष्टीकरण देत बसावं लागतं.

वार्षिक विवरण एफसी-४ हे आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत भरायचं. त्या वर्षी काहीच आलं नसेल तरी शून्याचं विवरण भरावंच लागतं. विश्वस्त, पत्ता किंवा बँक खातं बदललं की एफसी-६ मालिकेतला योग्य अर्ज. चेंज रिपोर्ट धर्मादाय आयुक्तांकडे दिला म्हणजे गृह मंत्रालयाला आपोआप कळतं, असं नाही.

सरकारी नोकराला प्रकल्पाच्या खर्चाने परदेशी परिषदेला पाठवत असाल तर त्याला विदेशी आदरातिथ्याची आगाऊ परवानगी लागते. अर्ज एफसी-२.

आणि हजेरीपत्रक. डिजिटल सुरक्षेच्या प्रशिक्षणात दारातच नाव, गाव, मोबाइल क्रमांक, सही असा उघडा कागद फिरतो. शेवटच्या रांगेतला माणूस त्याचा फोटो काढतो आणि तो कार्यशाळेच्या ग्रुपवर टाकतो. लेखापरीक्षकाला पुरावा हवा हे खरं, पण तो असा नको. प्रत्येकाला क्रमांक द्या. क्रमांक आणि सही असलेला कागद हिशेबाच्या फाइलमध्ये ठेवा. नाव आणि क्रमांक जोडणारी यादी वेगळ्या, कूटबद्ध ठिकाणी, दोनच माणसांच्या हाती. लेखापरीक्षकाने मागितली तर समोर बसून दाखवायची, ईमेलने पाठवायची नाही. दात्याला अहवालात आकडे पुरतात, नावं नाहीत. गटाचा फोटो मागितला तर चेहरे न दिसणारा द्या आणि तसं का, ते एका ओळीत कळवा.

प्रकल्पाच्या पैशातून घेतलेले लॅपटॉप संस्थेच्या नावावर हवेत, सचिवांच्या नावावर नाहीत. एफसी-४ मध्ये आता मालमत्तेचाही तपशील विचारतात. बिल, अनुक्रमांक आणि तो लॅपटॉप सध्या कोणाकडे आहे हे एका वहीत लिहून ठेवा. प्रकल्प संपायच्या दोन महिने आधी दात्याला विचारा की या वस्तूंचं काय करायचं. उत्तर येईपर्यंत त्या कोणालाही देऊ नका आणि कार्यालयातल्या मुलाला घरीही नेऊ देऊ नका.